एकच आई, तीन नावे : सरकारी संगणकाला आराखडा कशासाठी?

(रामाकोना येथे गणेशोत्सवात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंडळाने आम्हाला "संगणकावर काहीतरी सांगा" म्हणून बोलावले. आम्ही राज्य शासनाचे साधे कर्मचारी, शिक्षण पॉलिटेक्निकच्या पदविकेपर्यंत. तज्ज्ञाचा आव आणणार नाही. आजच्या विषयाचे नाव मात्र जड आहे : एंटरप्राइझ आर्किटेक्चर. नाव जड असले तरी दुखणे आपल्या प्रत्येकाच्या घरचे आहे. म्हणून सुरुवात घरापासूनच करतो.

आमचे वडील गेले आणि शेत आईच्या नावावर करायची वेळ आली. कागद काढून बसलो तर आई एक आणि तिची नावे तीन. खरे आडनाव सांगत नाही, समजायला काळे धरा. एका कागदावर कौसल्या काळे. दुसऱ्यावर कौशल्याबाई काले. तिसऱ्यावर नुसतेच कौशल्या बाई, आडनावाचा पत्ता नाही. एका कार्यालयात सहा चकरा झाल्या. "ही तिन्ही नावे एकाच बाईची आहेत" असे शपथपत्र करावे लागले. रोज खिडकीच्या आत बसणारे आम्ही, तेव्हा खिडकीच्या बाहेर उभे होतो. घरी आल्यावर आई म्हणाली, "अरे, तू त्यांच्यातलाच ना? मग तुझ्या आईला कसे ओळखत नाहीत?"

या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता आम्ही या विषयापर्यंत पोचलो.

आतल्या बाबूचा दोष होता असे आम्ही म्हणणार नाही. यंत्र माणसाला ओळखत नाही, अक्षरे जुळवते. ळ आणि ल त्याच्या लेखी दोन वेगळी अक्षरे, म्हणून काळे आणि काले ही दोन वेगळी माणसे. हिंदी लिखाणात ळ वापरात नाही, म्हणून नोंद करणाऱ्याने ल लिहिला. बाईच्या नावापुढे 'बाई' लावायची इकडची पद्धत, म्हणून तेही लागले. प्रत्येकाने आपापल्या रीतीने बरोबरच लिहिले. चूक ही की सगळ्यांची रीत एक असावी हे कुणी आधी ठरवलेच नव्हते.

हे समजायला आपली जुनी छोटी गाडी आठवा. छिंदवाडा-नागपूर मार्गावर आपल्या रामाकोन्याच्या स्टेशनवरून ती जायची. तिच्या रुळांमधले अंतर ७६२ मिलिमीटर. नागपूरच्या मोठ्या लाइनचे १६७६ मिलिमीटर. छोट्या गाडीत काही वाईट नव्हते. तिच्यात बसून आपल्या किती लेकी सासरी गेल्या! पण नागपूरला पोचल्यावर पुढे जाणारा माल उतरवा, हमाल लावा, मोठ्या गाडीत चढवा. डबा काही पुढे जात नसे, कारण रूळ जुळत नव्हते. आता मार्ग ब्रॉडगेज झाला आणि तो खोळंबा संपला. सरकारी कार्यालयांचेही तसेच आहे. प्रत्येक खात्याची आपली छोटी लाइन आहे, आणि दोन लाइनींच्या मध्ये हमाल कोण? तर झेरॉक्सची फाइल काखेत घेऊन फिरणारे तुम्ही-आम्ही.

हे असे का झाले? मे २००६ मध्ये केंद्राने राष्ट्रीय ई-शासन योजना मंजूर केली. तिच्यात सुरुवातीला २७ मोठे प्रकल्प होते : जमिनीच्या नोंदी वेगळ्या, कर वेगळे, पासपोर्ट वेगळा. संगणक आले, हे कामही मोठेच झाले. पण ज्याने त्याने आपापली खोली बांधली. सबंध वाड्याचा नकाशा कागदावर नव्हता. मग एका खोलीतून दुसरीत जायला दार नाही, अंगणातून फेरा घ्यावा लागतो.

सबंध वाड्याचा हा नकाशा म्हणजेच एंटरप्राइझ आर्किटेक्चर. कल्पना जुनी आहे. १९८७ साली आयबीएम कंपनीतल्या जॉन झॅकमन यांनी एक लेख लिहिला. त्यांचे म्हणणे साधे होते : घर बांधताना मालक, वास्तुशिल्पी आणि गवंडी यांची चित्रे वेगवेगळी असतात, पण ती एकाच घराची असावी लागतात, मोठ्या संस्थेच्या संगणकाचेही तसेच व्हावे. पुढे अमेरिकेने १९९६ साली कायदा करून सरकारी खात्यांना असा आराखडा ठेवणे भाग पाडले. एस्टोनिया या लहान देशाने २००१ पासून सगळ्या खात्यांना जोडणारा एक रस्ताच बांधला, त्याचे नाव एक्स-रोड. नागरिकाने एकदा दिलेली माहिती त्याला पुन्हा विचारायची नाही, हा तिथला दंडक.

आपल्याकडे आंध्र प्रदेशाने ई-प्रगती या नावाने सबंध राज्याचा आराखडा हाती घेतला. त्यानंतर २०१८ साली केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने देशासाठी इंडिया एंटरप्राइझ आर्किटेक्चर ही चौकट आणली. तिला थोडक्यात इंडईए म्हणतात. खाती कितीही असोत, नागरिकाला सरकार एकच वाटले पाहिजे, हा तिचा गाभा. तिच्यात आठ नमुने आहेत : कामगिरी, कामकाज, सॉफ्टवेअर, माहिती, तंत्र, जोडणी, सुरक्षा आणि नियमन. आठ म्हटल्यावर आपल्याला अष्टविनायकच आठवणार! पण या आठांत आमच्या मते मानाचा पहिला गणपती 'माहिती'. कारण नाव, गाव, जमीन यांची नोंद एकसारखी नसेल तर बाकीचे सात नमुने कितीही चांगले असोत, उपयोग नाही.

आपल्याच भागातले एक उदाहरण देतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला. पांढुर्णा आणि सौंसर तहसिली छिंदवाड्यातून निघून नव्या जिल्ह्यात आल्या. रामाकोना जागचे हलले नाही, कन्हान नदी हलली नाही, पण आपला जिल्हा बदलला. आता ज्या संगणकात प्रत्येक माणसापुढे "जिल्हा छिंदवाडा" असे अक्षरांत लिहून ठेवले आहे, तिथे प्रत्येक नोंद दुरुस्त करावी लागते. पण केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाची लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरी आहे. तिच्यात देशातल्या प्रत्येक गावाला एक संकेतांक दिलेला असतो. ज्या संगणकाने माणसापुढे फक्त गावाचा संकेतांक ठेवला, तिथे "हे गाव आता या जिल्ह्यात" एवढे एकाच जागी बदलले की काम झाले. दोन्ही संगणक सारखेच महाग असतील. फरक आधी केलेल्या विचाराचा आहे. आणि संकेतांक नसेल तर काय होते पाहा : आपल्याच जिल्ह्याचे नाव कुणी पांढुर्णा लिहितो, कुणी पांढुर्ना, तहसील कुठे सौंसर, कुठे सौसर. यंत्राने बिचाऱ्याने काय समजावे?

सीमेवरच्या आपल्या लोकांना तर ही गोष्ट कुणी शिकवायला नको. आपण दोन राज्यांचे शब्द बाळगून जगतो. इकडे खसरा, तिकडे सातबारा. इकडे बी-१, तिकडे आठ-अ. इकडे पटवारी, तिकडे तलाठी. इकडे नामांतरण, तिकडे फेरफार. शेत नरखेडकडे असो की सौंसरकडे, माती तीच आणि संत्रेही तेच. आपली म्हातारी माणसे मनातल्या मनात लगेच जुळवून घेतात की हा शब्द म्हणजे तो. संगणकाला हे कुणीतरी लिहून द्यावे लागते. त्या लिहून दिलेल्या कराराला आमच्या धंद्यात मानक म्हणतात.

शब्दांचा करार आधी आणि कारभार नंतर, हे मराठी माणसाला नवे नाही. शिवाजी महाराजांच्या काळात राज्यव्यवहारकोश तयार झाला. दरबारात रुळलेल्या फारसी-अरबी शब्दांना त्यात संस्कृत प्रतिशब्द दिले. त्याचा हेतू वेगळा होता हे खरे. पण राज्य चालवायचे तर सगळ्या कारखान्यांत, सगळ्या दप्तरांत एका गोष्टीला एकच शब्द हवा, ही जाण त्यात होती.

आमच्या राज्यानेही बरेच केले आहे, ते सांगितले पाहिजे. ठरलेल्या मुदतीत सेवा देण्याची हमी देणारा लोकसेवा कायदा देशात पहिल्यांदा मध्य प्रदेशाने केला, २०१० साली. महाराष्ट्राचा कायदा २०१५ चा. समग्रमध्ये कुटुंबाला आठ अंकी आणि प्रत्येक माणसाला नऊ अंकी क्रमांक मिळाला. एका क्रमांकावर अनेक योजना जोडल्या गेल्या, ही आराखड्याच्या दिशेने मोठीच पायरी.

पण त्यातच एक धोका आहे, आणि तो आम्ही आतून पाहतो म्हणून सांगतो. खोल्या वेगवेगळ्या होत्या तेव्हा एका खोलीतली चूक तिथेच राहायची. सगळी दारे उघडली की चूकही सगळीकडे फिरते. मुळात नाव चुकले तर पेन्शन, बँक, शेत, सगळेच एका दमात अडू शकते. म्हणून नागरिकाने चूक दाखवली तर ती दुरुस्त करणारा माणूस कोण आणि किती दिवसांत करणार, हे आराखड्यातच लिहिलेले हवे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात आपली माहिती दुरुस्त करून मागण्याचा हक्क आला आहे. हक्क कागदावर आहे. तो गावच्या खिडकीवर मिळवून देणे हे आम्हा कर्मचाऱ्यांचे काम, आणि मागणे हे तुमचे.

आता तुम्ही घरी काय करायचे? तीन गोष्टी.

पहिली : दिवाळीच्या आधी एक संध्याकाळ काढा. घरातल्या प्रत्येकाचे आधार, समग्र, बँक पासबुक, खसरा, शाळेचा दाखला समोर ठेवा आणि एका कागदावर नावे ओळीने उतरवा. कुठे फरक आहे ते तेव्हाच दिसेल. गरज पडल्यावर शोधू नका. त्या वेळी घरात दुःख असते.

दुसरी : नाव कसे लिहायचे ते घराने एकदा ठरवा आणि सगळीकडे तेच लावा. लेक नागपूर, सावनेरकडे दिली असेल तर तिचे कागद दोन्ही राज्यांत चालायचे आहेत, हे लग्नाच्या यादीइतकेच महत्त्वाचे समजा.

तिसरी : नोंद करताना समोर बसा, पडद्यावर वाचून मगच हो म्हणा. ळ हवा असेल तर ळ मागा. "आमच्या संगणकात ळ नाही" असे कुणी म्हणाले तर नम्रपणे सांगा, भाऊ, इनस्क्रिप्टच्या कळफलकावर ज्या कळीवर ल आहे, तिथेच शिफ्ट दाबला की ळ उमटतो. यंत्राला ळ येतो, सवय आपल्याला लावायची आहे. पण बाकी सगळ्या कागदांवर ल असेल तर एकट्या कागदावर ळ चा हट्ट नवी अडचण करील, हेही लक्षात ठेवा. बदलायचे तर सगळीकडे, मुळापासून.

शेवटी ज्याच्या उत्सवाला जमलो त्याची आठवण. व्यासांनी महाभारत सांगितले आणि गणपतीने लिहिले, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. गणपती म्हणाला, माझी लेखणी थांबू देऊ नका. व्यास म्हणाले, कबूल, पण अर्थ समजल्याशिवाय लिहायचे नाही. आम्ही खिडकीमागे बसून दिवसभर लेखनिकाचेच काम करतो. वेग तर संगणकाने दिला. समोरची बाई कुणाची आई आहे, तिचे नाव ती कसे सांगते, हे समजून मग लिहायचे, ही दुसरी अट पाळायची राहिली आहे. ती पाळण्याची बुद्धी बाप्पाने आम्हाला द्यावी, आणि ती आठवण करून देण्याचा धीर तुम्हाला.

आमच्या आईचे नाव आता सगळ्या कागदांवर एकच आहे. दर वेळी कागद हातात आला की ती आधी आपले नाव वाचते, मग चष्मा काढते.

गणपती बाप्पा मोरया!