बर्फाच्या पोटात डोकावताना

हिमनदी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पांढराशुभ्र, शांत, जागच्या जागी गोठलेला प्रवाह येतो. प्रत्यक्षात ती शांतही नसते आणि जागच्या जागी तर मुळीच नसते. स्वतःच्या वजनाने ती उताराकडे सरकत असते. वळणावर, खडकाच्या उंचवट्यावर किंवा दोन प्रवाह वेगवेगळ्या गतीने एकमेकांना घासून जातात तिथे बर्फावर ताण पडतो आणि तो फाटतो. या भेगा कित्येक मीटर रुंद आणि इमारत मावेल इतक्या खोल असू शकतात. पण खरा धोका भेगेचा नव्हे, तिच्यावरच्या झाकणाचा. वाऱ्याने उडत आलेला हिम भेगेच्या दोन्ही काठांवर साचत जातो आणि शेवटी तिच्यावर हिमाचा पूल तयार होतो. वरून पाहिले तर सपाट मैदान! माणूस त्यावरून सुखरूप जाईलही. मागून येणारे वाहन मात्र जाईलच असे नाही.

अंटार्क्टिकावर याची किंमत अनेकांनी मोजली आहे. मार्च १९५६ मध्ये अमेरिकी नौदलाची तुकडी बर्फातून वाट तयार करीत होती. भेगा बुजवण्याचे काम चालू असतानाच मॅक्स कील या चालकाचा बुलडोझर एका लपलेल्या भेगेत कोसळला आणि त्यात त्याचा अंत झाला. नोव्हेंबर १९५९ मध्ये न्यूझीलंडचे लेफ्टनंट टॉम कूझन्स हिमवाहनासह असेच भेगेत पडून मृत्युमुखी पडले. त्या काळी भेग शोधायची म्हणजे लांब सळई हिमात खुपसत, एकमेकांना दोर बांधून पुढे सरकायचे. शेकडो किलोमीटरच्या प्रवासात हे कुठवर पुरे पडणार?

मी आयुष्यभर भूभौतिकी शिकवली. आपल्या दख्खनच्या काळ्या खडकात पाणी कुठे असेल, हे जमिनीत विद्युतप्रवाह सोडून अजमावण्याचे काम आमचे विद्यार्थी करीत. त्यामुळे न खणता आतले कसे ओळखावे, हा माझ्या जिव्हाळ्याचा प्रश्न. या बाबतीत बर्फ मोठा उपकारक आहे. रेडिओलहरी ओल्या मातीत लवकर विरून जातात. थंड, कोरड्या बर्फातून मात्र त्या खूप खोलवर जातात. १९५० च्या दशकात विमानांच्या उंचीमापक रडारवरून हे ध्यानात आले होते. बर्फाचा पृष्ठभाग सोडून ते रडार कधीकधी खालच्या खडकाची उंची दाखवीत असे! वैमानिकाच्या दृष्टीने हा जीवघेणा दोष होता. शास्त्रज्ञांनी त्यातूनच साधन घडवले. केंब्रिजच्या स्कॉट ध्रुवीय संशोधन संस्थेत स्टॅन्ली इव्हान्स यांनी १९६० च्या दशकात बर्फाची जाडी मोजणारे रडार तयार केले.

याचे तत्त्व तसे सोपे आहे. डोंगरासमोर हाक मारली की प्रतिध्वनी येतो, तसेच हे. हवेत रेडिओलहर सेकंदाला तीन लाख किलोमीटर जाते, बर्फात सुमारे एक लाख अडुसष्ट हजार. बर्फ संपून हवेची पोकळी, पाणी किंवा खडक सुरू झाला की लहरीचा काही भाग मागे फिरतो. दहा मीटर खोलीवरून परत यायला तिला सेकंदाच्या एक कोटीव्या भागाहून किंचित जास्त वेळ लागतो. एवढा सूक्ष्म वेळ मोजून पडद्यावर चित्र उमटते. वर्षानुवर्षे साचलेल्या हिमाचे थर त्यात वहीच्या रेघांसारखे दिसतात. भेग आली की या रेघा तुटतात आणि त्या जागी उलट्या वाटीसारख्या कमानी दिसू लागतात.

या कमानींच्या भरवशावर माणसांनी एक रस्ता तयार केला. अंटार्क्टिकावरील मॅकमर्डो तळापासून दक्षिण ध्रुवापर्यंतचा हा मार्ग सुमारे १,६०० किलोमीटरचा आहे. इंधन विमानाऐवजी जमिनीवरून न्यायचे, हा त्यामागचा हेतू. वाटेत दोन हिमपट्ट एकमेकांना घासतात असा सुमारे पाच किलोमीटरचा पट्टा लागतो आणि तो भेगांनी भरलेला आहे. २००२ सालच्या हंगामात तिथे काम सुरू झाले. हलक्या वाहनाच्या पुढे लांब दांड्यावर रडारचा अँटेना बांधलेला, वाहनात पडद्याला डोळे लावून बसलेला तंत्रज्ञ. कमान दिसली की त्याने थांबा म्हणायचे आणि चालकाने त्याच क्षणी थांबायचे. अँटेना आणि वाहनाची चाके यांच्यात काही मीटरांचेच अंतर. तेवढाच जीव वाचवणारा अवधी. सापडलेल्या भेगेवरचे झाकण सुरुंगाने उडवून ती हिमाने भरून काढायची, मग पुढची. तो पाच किलोमीटरचा पट्टा पार करायलाच एक हंगाम गेला. या वाटेने वाहनांचा पहिला तांडा ध्रुवावर पोहोचला तो डिसेंबर २००५ मध्ये.

धोका नेहमी पोकळीचाच असतो असे नाही. फ्रान्समध्ये माँ ब्लाँच्या कुशीत तेत रूस नावाची एक छोटी हिमनदी आहे. १२ जुलै १८९२ च्या मध्यरात्रीनंतर तिच्या पोटात साठलेले पाणी फुटून बाहेर आले आणि खालच्या सां-जेर्व्हे परिसरातील १७५ माणसे दगावली. पुढे पाणी काढून देण्यासाठी बोगदा खणला गेला आणि शंभर वर्षे लोक निर्धास्त राहिले. या बोगद्याची देखभाल चालू ठेवायची गरज आहे का, असा प्रश्न निघाला म्हणून २००७ पासून नव्याने पाहणी झाली. रडारच्या चित्रात आत काहीतरी वेगळे दिसले. पण ते पाणीच आहे, हे नुसत्या रडारवरून ठरवता येईना. मग रुग्णालयातल्या एमआरआयच्या तत्त्वावर चालणारी चाचणी झाली आणि शेवटी बर्फात छिद्रे पाडून खात्री करून घेतली गेली. आत सुमारे ५५,००० घनमीटर पाणी होते! हिमनदीचे खालचे टोक खडकाला घट्ट गोठलेले असल्याने त्याला वाट मिळत नव्हती. खाली सुमारे तीन हजार लोकांची वस्ती. २०१० च्या उन्हाळ्यापासून शरदापर्यंत पंप लावून जवळजवळ ४८,००० घनमीटर पाणी उपसले गेले. पुढच्या दोन वर्षांतही पाणी पुन्हा साठले आणि पुन्हा उपसावे लागले.

यातून रडारची ताकद जशी कळते, तशी मर्यादाही कळते. वितळू लागलेल्या बर्फातले पाणी लहरींना विखरून टाकते आणि चित्र धूसर होते. हल्ली उपग्रहांवरची रडारे ढगांतून आणि ध्रुवावरच्या सहा महिन्यांच्या रात्रीतही भेगांचे पट्टे दाखवतात. पण भेगेची दिशा आणि रडारची नजर जुळली नाही, तर तीच भेग निसटूही शकते. म्हणून आकाशातून नकाशा मिळाला तरी जमिनीवरचा अँटेना सुटत नाही.

आपल्यालाही हा विषय परका नाही. गोव्यात वास्को येथे राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. अंटार्क्टिकावरील मैत्री आणि भारती ही आपली स्थानके तिथूनच चालवली जातात. हिमालयात चंद्रा खोऱ्यातील हिमनद्यांची जाडीही अशाच रडारने मोजली गेली आहे. हिमालयात हे काम अधिक कठीण आहे. उतार तीव्र, बर्फावर दगडगोट्यांचे जाड आवरण आणि उन्हाळ्यात आत पाणीच पाणी. शिवाय हिमनद्या हजारो. प्रत्येकीवर अँटेना ओढत नेणे अशक्य. आधी कुठल्या हिमनदीखाली गावे आहेत, धरणे आहेत, हे पाहूनच क्रम लावावा लागेल.

आणि दिसले म्हणजे टळले असेही नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सिक्कीमचे दक्षिण ल्होनाक हे हिमसरोवर फुटले, तीस्तेला महापूर आला आणि चुंगथांगचे धरण वाहून गेले. ते सरोवर काही बर्फाखाली दडलेले नव्हते. वर्षानुवर्षे उपग्रहचित्रांत ते वाढताना दिसत होते, अभ्यासकांनी इशारेही दिले होते. तेत रूसच्या लोकांना रडारचे एक धूसर चित्र मिळाले. त्याची खातरजमा करायला आणि मग पंप चढवायला त्यांनी वेळ, पैसा आणि श्रम खर्च केले. उपकरण फक्त बोट दाखवते. त्या बोटाच्या दिशेने वेळेवर पाहायचे की नाही, हे खाली खोऱ्यात राहणाऱ्यांनी आणि त्यांच्या वतीने निर्णय घेणाऱ्यांनी ठरवायचे असते.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)