घरची शाळा : कायदा आणि आईबापांची जबाबदारी



आज मी ज्या विषयावर बोलणार आहे तो ऐकून आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. ज्या समाजाला शाळेच्या उंबरठ्याच्या आत पाऊल टाकण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या झगडावे लागले, त्याच समाजापुढे उभे राहून मुलाला शाळेत न घालता घरी शिकविण्याविषयी बोलणे हे विपरीत दिसते खरे. परंतु नव्याने धम्मदीक्षा घेतलेल्या कुटुंबांतून हा प्रश्न विचारला जातो आणि त्याला टाळाटाळीचे उत्तर देणे योग्य नव्हे. कोणी म्हणतो, शाळेत माझ्या मुलाला पूजेस बसवितात आणि आम्ही तर बावीस प्रतिज्ञा घेतल्या आहेत. कोणी म्हणतो, वर्गात जातीवरून टोमणे मारतात, झाडू आमच्याच पोराच्या हाती देतात. कोणाला खाजगी शाळेची फी झेपत नाही आणि सरकारी शाळेवर त्याचा विश्वास उरलेला नाही. मग प्रश्न येतो : आम्ही दोघे शिकलेले आहोत, मुलाला घरीच शिकविले तर कायदा आड येतो काय?

या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी एका घराची आठवण करून देणे मला आवश्यक वाटते. सुभेदार रामजी आंबेडकर हे लष्करी शाळेत शिक्षक व पुढे मुख्याध्यापक होते. मुलाला घरी शिकविण्याची पात्रता त्यांच्याइतकी त्या काळी आपल्या समाजात फारच थोड्यांची असेल. त्यांनी भीमरावांना घरी शिकविलेही. इंग्रजी वाचून घेतले, तर्खडकरांच्या पाठमालेवरून भाषांतर करवून घेतले, पहाटे उठवून अभ्यासाला बसविले, आणि पुस्तकासाठी पैसे नसत तेव्हा लेकींचे दागिने गहाण टाकण्यासही ते कचरले नाहीत. तथापि त्याच सुभेदारांनी मुलाचे नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत 7 नोव्हेंबर 1900 रोजी दाखल केले. शाळेत त्या मुलाला घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे. शिपायाने नळ उघडून दिल्याखेरीज पाणी मिळत नसे. एवढा अपमान होत असताना विद्वान बापाने मुलाला शाळेतून काढून घेतले नाही. घरची शाळा आणि बाहेरची शाळा अशा दोन्ही त्यांनी चालविल्या. 1907 साली मुलगा मॅट्रिक झाला. सुभेदारांनी केवळ घरच्या शाळेवर भिस्त ठेवली असती तर त्या मॅट्रिकच्या दाखल्याचे काय झाले असते, याचा विचार आपणच करावा.

आता दुसरी गोष्ट, जी आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे. 23 नोव्हेंबर 1948 रोजी घटना समितीत मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या कलमावर चर्चा चालू होती. हे शिक्षण प्राथमिक शिक्षणापुरतेच मर्यादित करावे, अशी दुरुस्ती एका सभासदाने मांडली. बाबासाहेबांनी ती स्वीकारली नाही. त्यांचा युक्तिवाद असा होता की, चौदा वर्षांखालील मुलास कामावर लावण्यास मसुद्यातील दुसऱ्या कलमाने मनाई केली आहे. मग ज्या मुलाला कामावर जाता येत नाही त्याला त्या वयापर्यंत कोणत्या तरी शिक्षणसंस्थेत गुंतविलेच पाहिजे. शिक्षणाचे कलम आणि बालमजुरीच्या मनाईचे कलम ही त्यांच्या दृष्टीने एकाच दोराची दोन टोके होती. घटनेतील 45 वे आणि 24 वे कलम या दृष्टीने शेजारी ठेवून वाचावे.

45 व्या कलमाने राज्याला दहा वर्षांची मुदत दिली होती, म्हणजे 1960 पर्यंतची. ती पाळली गेली नाही. 2002 साली 86 व्या घटनादुरुस्तीने 21-अ हे कलम आले आणि सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाचा शिक्षण हा मूलभूत हक्क झाला. त्यासाठीचा कायदा 2009 साली संमत झाला व 1 एप्रिल 2010 पासून अंमलात आला. पन्नास वर्षे उशिरा का होईना, दरवाजा उघडला.

या कायद्यात घरी शिकविण्याविषयी काय म्हटले आहे? काहीच नाही. घरच्या शिक्षणासाठी परवाना, नोंदणी वा तपासणी अशी कोणतीही तरतूद त्यात नाही. दहावे कलम सांगते की, मुलाला जवळच्या शाळेत दाखल करणे हे आईबापांचे किंवा पालकांचे कर्तव्य आहे. परंतु ते न केल्यास आईबापांना या कायद्यात शिक्षा सांगितलेली नाही. पुढे दिल्ली उच्च न्यायालयात हा प्रश्न निघाला तेव्हा 2012 साली केंद्र सरकारने, स्वेच्छेने मुलांना घरी शिकविणाऱ्या पालकांच्या आड हा कायदा येत नाही, अशी भूमिका प्रतिज्ञापत्रात मांडली. म्हणून घरी शिकविणारा बाप गुन्हेगार ठरत नाही. पण हेही ध्यानात धरा की हा कायद्याने दिलेला स्वतंत्र हक्क नव्हे. कायद्याने ज्याविषयी मौन धरले आहे अशी ती जागा आहे.

मला भीती वाटते ती याच मौनाची. बालमजुरीच्या कायद्यात 2016 साली दुरुस्ती झाली. तिने चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास सर्वत्र बंदी केली, परंतु शाळेच्या वेळेनंतर व सुट्टीत मुलाने घरच्या धंद्यात मदत करण्यास, काम धोक्याचे नसेल तर, मुभा ठेवली. ज्या मुलाला शाळाच नाही त्याची शाळेची वेळ कोणती? त्याचा सबंध दिवस सुट्टीचाच ठरेल. घरी शिकवितो असे सांगून मुलगी धाकट्या भावंडांना सांभाळते, भाकऱ्या थापते, मुलगा बापाच्या गाड्यावर उभा राहतो आणि पाटी खुंटीवर लटकते, हे चित्र आपल्या वस्त्यांना अनोळखी नाही. विशेषतः मुलींच्या बाबतीत मी स्पष्टच सांगतो : ज्या घरात मुलाला शाळेत पाठवून मुलीलाच घरी शिकविण्याची गोष्ट निघते, त्या घरातल्या त्या बोलण्यावर विश्वास ठेवू नये.

पूजेचे व अपमानाचे जे प्रश्न मी आरंभी सांगितले त्यांवर शाळा सोडणे हा उपाय नव्हे. घटनेच्या 28 व्या कलमाप्रमाणे संपूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. आणि सरकारमान्य वा अनुदानित शाळेत अज्ञान मुलाला त्याच्या पालकाच्या संमतीवाचून धार्मिक शिक्षणात वा उपासनेत भाग घ्यावयास लावता येत नाही. मुख्याध्यापकांना दोन ओळींचे नम्र पत्र द्यावे की आम्ही बौद्ध आहोत व आमची संमती नाही. त्याची पोच घ्यावी. शिक्षणहक्क कायद्याचे सतरावे कलम शारीरिक शिक्षेस व मानसिक छळास मनाई करते. केंद्राच्या 2010 च्या नियमांत तर वर्गात, माध्यान्ह भोजनात, मैदानावर, पिण्याच्या पाण्यावर आणि संडास व वर्ग झाडण्याच्या कामात कोणाही दुर्बल घटकातील मुलास वेगळे काढू नये असे शब्दशः नमूद आहे. गोणपाटावरचा तो मुलगा नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे असावा, असे ते वाचताना वाटते. तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी द्यावी. तिचा निर्णय तीन महिन्यांत करण्यास ते बांधलेले आहे. शिवाय सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असले पाहिजेत, निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत व दुर्बल घटकांच्या पालकांना त्यांच्या संख्येच्या प्रमाणात जागा मिळाली पाहिजे. तेथे आपल्या किती भगिनी जाऊन बसतात?

इतके सांगूनही काही कुटुंबांना घरी शिकविणे भाग पडेल. मूल आजारी असेल, शाळा दूर असेल, अथवा पूर्ण विचारान्ती त्यांनी तो मार्ग पत्करला असेल. त्यांना उपदेश करीत बसण्यापेक्षा काम नीट कसे करावे हे सांगणे बरे.

सर्वांत आधी कागदपत्रे, कारण आपल्या कुटुंबांचे खरे नुकसान येथेच होते. 1950 च्या अनुसूचित जातींच्या आदेशात प्रारंभी बौद्धांना स्थान नव्हते. धर्मांतर करताच सवलती गेल्या. महाराष्ट्रात राज्याच्या सवलती 1960 पासून मिळू लागल्या आणि केंद्राच्या आदेशात बौद्धांचा समावेश व्हावयास 1990 साल उजाडावे लागले. आजही सवलत मिळते ती पूर्वीच्या अनुसूचित जातीच्या आधारावर. बौद्ध हा धर्म आहे, जात नव्हे. ज्या जातीचा त्याग करून आपण बाहेर पडलो तिचेच नाव कागदावर राहू द्यावे लागते, ही बोच मला ठाऊक आहे. परंतु जातीच्या दाखल्यासाठी अधिकारी पहिल्याने मागतात तो मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला, मग बापाचा व आजाचा. आणि अनुसूचित जातीसाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा. हे सर्व शाळेच्या जनरल रजिस्टरातील एका ओळीवर उभे असते. ज्या मुलाचे नाव कोणत्याच शाळेत कधी लागले नाही त्याची ती ओळच नाही. म्हणून माझे मत असे की, पुढे घरी शिकवावयाचे असले तरी मुलाचे नाव निदान काही वर्षे मान्यताप्राप्त शाळेत असावे, धर्माच्या रकान्यात ‘बौद्ध’ आणि जातीच्या रकान्यात पूर्वीची जात नीट लिहिलेली स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी, आणि चूक असल्यास मूल शाळेत असतानाच दुरुस्त करून घ्यावी. शाळा सोडल्यानंतर तशी दुरुस्ती फार कठीण होते.

दुसरे नुकसान सवलतींचे. माध्यान्ह भोजन, फुकट पुस्तके, मुलींसाठीची सावित्रीबाई फुले शिष्यवृत्ती ही शाळेत जाणाऱ्यांसाठीच आहेत. नवोदय विद्यालयाच्या सहावीच्या प्रवेशपरीक्षेला बसणारे मूल मान्यताप्राप्त शाळेच्या पाचवीत शिकत असले पाहिजे. खाजगी विनाअनुदानित शाळांतील पंचवीस टक्के जागाही प्रवेशाच्या पहिल्या वर्गासाठीच राखीव असतात. ती संधी एकदा हुकली की परत येत नाही.

परीक्षेचे मार्ग मात्र आहेत. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था ही 1989 पासून चालू आहे. तिच्या मूलभूत शिक्षणाच्या तीन पातळ्या तिसरी, पाचवी व आठवीच्या बरोबरीच्या आहेत. दहावीसाठी वयाची चौदा वर्षे पूर्ण असावी लागतात, निदान पाच विषय घ्यावे लागतात, वर्षातून दोनदा परीक्षा होते आणि एका नोंदणीवर पाच वर्षांत नऊ वेळा बसता येते. राज्याचे महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळ पाचवी, आठवी, दहावी व बारावीच्या परीक्षा घेते. राज्य मंडळाच्या दहावीस खाजगीरीत्या बसणाऱ्यांसाठी सतरा नंबरचा अर्ज आहे. त्याला शाळा सोडल्याचा दाखला जोडावा लागतो. पुन्हा तोच दाखला!

शिकविण्याचे माप कायद्याच्या परिशिष्टातच आहे. पहिली ते पाचवीला वर्षाचे 200 दिवस व 800 तास, सहावी ते आठवीला 220 दिवस व 1000 तास. म्हणजे लहान मुलाला दिवसाचे चार तास आणि मोठ्याला साडेचार तास. आपल्या घरात रोज चार तास कोण मोकळे आहे? आई मोलमजुरीला आणि बाप कारखान्यात असेल तर हे गणित जुळणार नाही, हे कबूल करावे. जुळत असेल तर बालभारतीची त्या त्या इयत्तेची पुस्तके घ्यावीत. ती संकेतस्थळावर विनामूल्यही मिळतात. एक वही ठेवावी. तीत रोजची तारीख, किती तास झाले, कोणता धडा, कोणती उदाहरणे, हे मुलाच्याच हस्ताक्षरात लिहून घ्यावे. उद्या कोणी विचारले तर ती वही हाच आपला पुरावा.

भगवान बुद्धांनी शृगालाला केलेल्या उपदेशात आईबाप ही पूर्व दिशा व आचार्य ही दक्षिण दिशा सांगितली आहे. मुलाला विद्या वा कसब शिकण्यास लावणे हे आईबापांचे एक कर्तव्य, आणि ते उत्तम रीतीने शिकवून विषय समजला आहे की नाही हे पाहणे आचार्याचे. घरी शिकविणाऱ्याला दोन्ही दिशा एकट्याने सांभाळाव्या लागतात. आई म्हणून चूक पोटात घालावी आणि शिक्षक म्हणून तीच चूक लाल शाईने खूण करून दाखवावी, हे सोपे नाही. म्हणून महिन्यातून एकदा मुलाला दुसऱ्याकडून तपासून घ्यावे : विहारातील एखादा पदवीधर तरुण, निवृत्त शिक्षक, कोणीही.

येथे एक इशारा. विहारात सायंकाळी अभ्यासवर्ग चालवावा, अवश्य चालवावा; शाळेत जाणाऱ्या मुलांना त्याचा मोठा आधार होतो. परंतु वस्तीतील मुले शाळेतून काढून विहारात दिवसा शिकवू लागलात तर ती शाळा ठरू शकते, आणि मान्यतेवाचून शाळा चालविणाऱ्यास अठराव्या कलमाखाली एक लाख रुपयांपर्यंत दंड व पुढे दररोज दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय त्या मुलांची नावे कोणत्या रजिस्टरात राहतील?

घरी शिकविण्यास आरंभ केल्यानंतर एक वर्षाने मुलाकडून त्याच्या इयत्तेचा न पाहिलेला धडा मोठ्याने वाचवून घ्या आणि चार उदाहरणे सोडवून घ्या. अडखळत असेल तर जून महिन्याची वाट पाहू नका. शिक्षणहक्क कायद्याच्या चौथ्या कलमाप्रमाणे त्याला वयानुरूप वर्गात बसविलेच पाहिजे व मागे पडलेला अभ्यास भरून काढण्यासाठी विशेष प्रशिक्षण दिलेच पाहिजे; वर्षाच्या मध्यास आला म्हणून किंवा वयाचा पुरावा नाही म्हणून मुख्याध्यापकांना त्याला परत पाठविता येत नाही. त्यांनी नकार दिलाच, तर तो लेखी मागावा आणि तो कागद घेऊन पंचायत समितीच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे किंवा महानगरपालिकेच्या शिक्षण विभागाकडे त्याच दिवशी जावे.

जय भीम! नमो बुद्धाय!