दवाखान्यांची बोली एक कशी होईल?

(संस्थेच्या वार्षिक संमेलनातील पालक मेळाव्यात दिलेले भाषण)



मी डॉक्टर नव्हे आणि संगणकतज्ज्ञही नव्हे. वर्गात मराठी नि इतिहास शिकविणारा मनुष्य दवाखान्यांविषयी काय बोलणार, अशी शंका आपणांस येणे साहजिक आहे. परंतु आमच्या घरात घडलेल्या एका प्रसंगामुळे मी ह्या विषयाच्या मागे लागलो. त्यातून जे समजले ते आपणांपुढे ठेवतो.

माझे थोरले बंधू आखाती देशात नोकरीस आहेत. एके रात्री त्यांनी फोनवर सांगितले, की तपासणीत साखर ११ आली. आमच्या अम्मींना मधुमेह. १४०, १८०, २२० हेच आकडे त्यांच्या ओळखीचे. ११ ऐकताच त्यांचे हातपाय गळाले. "साखर इतकी उतरली? आधी खजूर खा, सरबत पी," असा हुकूम सुटला आणि भाईजानांनी तो इमानेइतबारे पाळला. दुसऱ्या दिवशी मी वस्तीतल्या डॉक्टरांना विचारले. त्यांनी कागदावर ११ ला १८ ने गुणले. उत्तर आले १९८! तिकडे साखर मिलिमोल प्रति लिटर अशी मोजतात, आपल्याकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. रक्त तेच, साखर तीच, माप तेवढे वेगळे. साखर वाढलेल्या माणसाला आम्ही दिवसभर खजूर खाऊ घातला होता.

परदेशाचे राहू द्या. आपल्या नागपुरात मेडिकल आहे, मेयो आहे, मिहानमध्ये एम्स आहे, धंतोली-रामदासपेठेत तर पावलोपावली दवाखाने आहेत. शिवनी, बालाघाट, छिंदवाड्यापासून रुग्ण येथे येतात. प्रत्येकाच्या हातात प्लॅस्टिकची एक पिशवी असते. त्या पिशवीत त्याची सारी कहाणी असते आणि ती कुणालाच धड वाचता येत नाही. अम्मींना पेनिसिलीन चालत नाही, ही गोष्ट एका इस्पितळाच्या डिस्चार्ज कार्डावर लिहिलेली होती. पुढच्या वेळी दुसरे इस्पितळ, आणि ते कार्ड घरी कपाटात. इंजेक्शन भरून तयार होते. माझ्या बहिणीला ऐनवेळी आठवले म्हणून निभावले. बहीण त्या दिवशी सासरी असती तर काय झाले असते, ह्याचा विचार मी अजून करतो.

कार्ड सोबत असले तरी अडचण संपत नाही. 'एम. आय.' ह्या दोन अक्षरांचा अर्थ एका डॉक्टरच्या लेखी हृदयविकाराचा झटका, तर दुसऱ्याच्या लेखी हृदयाची झडप नीट न मिटणे. विदर्भात सिकलसेलचा प्रश्न तर घरोघरचा. साध्या सोल्युबिलिटी चाचणीच्या कागदावर 'पॉझिटिव्ह' एवढेच येते. ती व्यक्ती नुसती वाहक आहे की प्रत्यक्ष रुग्ण, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी पुढची तपासणी लागते. सोयरीक जुळविताना हा फरक किती महत्त्वाचा! दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते.

ह्यावर उपाय काय? पिनकोड आठवा. एकाच नावाची गावे देशात अनेक, आणि एकाच गावाचे नाव मराठीत, हिंदीत, इंग्रजीत निरनिराळे. श्रीराम भिकाजी वेलणकर ह्यांच्या योजनेनुसार १५ ऑगस्ट १९७२ रोजी सहा आकडी पिनकोड आला आणि पोस्टमनचे कोडे सुटले. आजारांनाही असे आकडे देण्याची कल्पना जुनी आहे. फ्रान्सच्या बर्तिलाँ ह्यांनी १८९३ मध्ये मृत्यूच्या कारणांची आंतरराष्ट्रीय यादी मांडली. तिचीच वाढलेली आवृत्ती आज जागतिक आरोग्य संघटना चालविते. डॉक्टरी शब्दांचा 'स्नोमेड' नावाचा प्रचंड कोश आहे. भारत २०१४ मध्ये त्याचा सदस्य झाला. ही माहिती एका संगणकातून दुसऱ्यात कोणत्या साच्याने न्यावी, ह्याचा 'फायर' नावाचा नियम आहे. (नावाला भिऊ नये!) आपल्या केंद्र सरकारने आरोग्य नोंदींची मानके २०१३ मध्ये जाहीर केली, २०१६ मध्ये सुधारली, त्या कामी मदत करणारे राष्ट्रीय केंद्र पुण्याच्या सी-डॅकमध्ये आहे.

म्हणजे नियम आहेत. अडते कोठे? पाळण्यात. छोट्या दवाखान्यात एक डॉक्टर, एक कंपाउंडर आणि दाराबाहेर साठ माणसे; तो संगणकात कोड शोधत बसणार कधी? मोठ्या इस्पितळांत संगणक आहेत, पण प्रत्येकाची प्रणाली निराळी. विकणाऱ्यालाही ती दुसऱ्याशी जुळावी अशी फारशी घाई नसते, कारण न जुळणारे गिऱ्हाईक सोडून जात नाही. हे माझे मत आहे, चुकीचे असल्यास जाणकारांनी सांगावे.

२७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झाले. त्यात १४ आकडी 'आभा' क्रमांक मिळतो. पुष्कळ जण मला विचारतात, "मास्तर, आमची सारी माहिती सरकार एका जागी गोळा करणार का?" योजनेची मांडणी तशी नाही. कागद ज्या त्या इस्पितळातच राहतात आणि रुग्णाने संमती दिल्यावर दुसरीकडे दाखविले जातात. क्रमांक घेणे ऐच्छिक आहे. तरीही विचारणाऱ्याची भीती मी हसण्यावारी नेत नाही. आजार ही घरातली गोष्ट. मुलीचा आजार तर घराबाहेर जाऊच नये असे आईबापांना वाटते. म्हणून मोबाईलवर संमती विचारली तर न वाचता होय म्हणू नका, आणि आपला मोबाईल दुसऱ्याच्या हाती देऊन त्यालाच 'दाबून दे' असे तर मुळीच सांगू नका.

आता आपल्या घरचा दोष. संगणक माणूस ओळखतो तो नाव आणि जन्मतारखेवरून. आपल्याकडे एकाच माणसाचे नाव कुठे महंमद, कुठे मोहम्मद, इंग्रजीत कुठे नुसते 'एमडी'. शेख कधी आधी, कधी शेवटी. बायकांच्या नावापुढे रेशनकार्डावर बी, आधारवर बेगम, दवाखान्यात परवीन. जन्मतारीख विचारावी तर १ जून! ती आम्हा शिक्षकांचीच कृपा; दाखला नसला की शाळा भरण्याच्या सुमाराची तारीख टाकून द्यायची, हा जुना परिपाठ. अशी एक बाई संगणकाला तीन बायका वाटते आणि तिची पेनिसिलीनची नोंद त्या तिघींपैकी एकीच्याच नावे राहते. शाळा सोडल्यावर नाव बदलायचे तर राजपत्रापर्यंत धावावे लागते. शाळेत असताना दुरुस्ती त्या मानाने सोपी असते.

म्हणून एक विनंती. जूनअखेर प्रवेश सुरू होतील तेव्हा कार्यालयाशेजारच्या खोलीत मी दुपारी २ पर्यंत बसेन. मुलाचा जन्मदाखला, आधार आणि आईवडिलांची कार्डे, असतील तेवढी सारी घेऊन या. रजिस्टरात नाव लिहिण्याआधी ती शेजारी शेजारी ठेवून पाहू.