तळ्याचा अर्धा भाग डोंगरावर असतो
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



गडचिरोली म्हटले की लोकांना जंगल आठवते, नद्या आठवतात. तळी सहसा कुणाला आठवत नाहीत. म्हणून आज आपण आपल्या उत्तरेच्या एका मोठ्या तळ्याकडे जाऊ.

वडशाहून गोंदियाकडे जाणाऱ्या गाडीत बसायचे आणि अर्जुनी मोरगावच्या पुढे देवलगावला उतरायचे. तिथून नवेगावबांध जवळच आहे. पहिल्यांदा हे तळे पाहणाऱ्याला ते निसर्गाने केले असावे असेच वाटते. सुमारे ११ चौरस किलोमीटर पाणी आणि भोवती डोंगर. जुन्या गॅझेटिअरात याचा परीघ १७ मैल, म्हणजे सुमारे २७ किलोमीटर दिला आहे. पण हे तळे माणसाने केलेले आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी याने ते बांधले. त्याने खड्डा खणला नाही. डोंगर कुठे जवळ येतात ते पाहिले आणि त्यांच्यामधल्या खिंडी मातीच्या पाळींनी बुजवल्या. बाकीची भिंत डोंगरांनीच पुरवली. या डोंगरांना लोक सात बहिणी म्हणतात. बांधणारा कोलू पाटीलही पुढे देव झाला. तळ्याच्या काठी कोलासूर म्हणून तो पुजला जातो.

आपल्याकडे पाऊस कमी नाही. पण तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो. धानाचे खरे मरण असते ते पाऊस परतल्यावर. लोंबी भरायच्या वेळी एका पाण्याची ओढ बसली तर रोवणीपासूनची सारी मेहनत वाया जाते. ते एक पाणी तळे देते. गोंड राजांनी हे ओळखले होते. तळे बांधणाऱ्याला जमीन देण्याची पद्धत चांद्याच्या राज्यात होती. तिला तुकूम म्हणत. चंद्रपुरात या नावाची वस्ती आजही आहे.

नवेगावच्या दक्षिणेला, गाढवी नदीवर, इटियाडोहचे धरण आहे. ते १९७० साली पुरे झाले. धरण गोंदिया जिल्ह्यात, पण त्याचे पाणी नहरीने आपल्या वडसा-आरमोरीकडल्या बांध्यांत येते, आणि गाढवी पुढे वैनगंगेला मिळते. जिल्हे आपण पाडले. गडचिरोली १९८२ साली झाला, गोंदिया १९९९ साली. पाण्याला मात्र उतार तेवढा कळतो.

आता थोडे माझे सांगतो. माझ्या गावचे तळे लहानच. तरुणपणी मी त्याच्यावर एक कविता केली. तीत चांदणे होते, कमळे होती, बगळे होते. गावच्या गणपतीत ती वाचली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नंतर एक म्हातारे कोहळी शेतकरी जवळ आले आणि म्हणाले, "भाऊ, कविता चांगली झाली. पन गाळ कोठी आहे तुमच्या कवितेत?" मी हसलो. त्यांनी पाळीवरून समोरचा डोंगर दाखवला. झाडे तुटून तो उघडा पडला होता. "तळ्याचा अर्धा भाग थो आहे," ते म्हणाले. "थो गेला का हाही गेला." त्याच वर्षी ऑक्टोबरात तळे लवकर आटले. पाऊस पुरता पडला होता, तरी आमच्या गावचे धान वाळले. पाणी राहायच्या जागेवर गाळ बसला होता.

चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या चार जिल्ह्यांत अशी सहा हजारांहून अधिक जुनी तळी आहेत. त्यांना माजी मालगुजारी तलाव म्हणतात. १९५१ साली मालगुजारी गेली आणि तळी सरकारजमा झाली. मालगुजारी गेली हे बरेच झाले. पण दरवर्षी पाळीवर माती टाकणारे आणि पाट साफ करणारे हातही हळूहळू सुटले. 'तळे सरकारचे' म्हणता म्हणता ते कुणाचेच राहिले नाही. बेशरमीची झुडपे वाढली, धिवरांची मासळी कमी झाली.

२०१७ पासून गाळ काढून शेतात टाकण्याची सरकारी योजना आहे. ती चांगलीच आहे. गाळ हे शेताचे खतच. पण नुसते यंत्र लावून तळ खोल केला म्हणजे झाले असे नाही. पाणी सोडायच्या मोरीच्या खाली खणलेल्या खड्ड्यात जे पाणी साठते, ते आपोआप बांधीत जात नाही. शिवाय वरचा डोंगर उघडाच राहिला, तर काढलेला गाळ काही पावसाळ्यांत परत येतो. डोंगर, पाळ, पाट आणि बांधी हे एकच घर आहे. त्याची एक खोली दुरुस्त करून भागत नाही.

मारुती चितमपल्ली यांनी वनाधिकारी म्हणून नवेगावबांधला बरीच वर्षे काढली. २०२५ साली ते गेले. तिथली पाखरे त्यांनी मराठी वाचकाच्या घरात आणून सोडली. पाखरे पाहायला आपण जरूर जावे. पण जाल तेव्हा पाळीवर घटकाभर उभे राहा. एकदा खाली धानाकडे पाहा, एकदा वर झाडांकडे पाहा.

ते म्हातारे शेतकरी आता नाहीत. त्यांच्या प्रश्नानंतर तळ्यावरची ती कविता मी पुन्हा कुठे वाचली नाही. गाळ तीत अजून आलेला नाही.