बोरघाट आणि हायड्रोजनची बस

गाडीचा खरा कस आपल्याकडे बोरघाटात लागतो. आगगाडीलासुद्धा कर्जतला मागून जादा इंजिनं जोडावी लागतात. मग हायड्रोजनची बस खोपोलीहून वर निघाली, तर?

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनं आणि केपीआयटी कंपनीनं ऑक्टोबर २०२० मध्ये देशी फ्युएल सेलची मोटार चालवून दाखवली आणि ऑगस्ट २०२२ मध्ये बस. मोटारीतला संच १० किलोवॅटचा होता. त्यात जळत काहीच नाही. पातळ पडद्याच्या एका अंगाला हायड्रोजन, दुसऱ्या अंगाला हवा. वीज निघते आणि पाणी उरतं.

गंमत या पाण्यातच आहे. चढावर वीज दुप्पट ओढली, की पाणीही दुप्पट होतं. पडदा कोरडा पडून चालत नाही आणि पाणी तुंबूनही चालत नाही. भाताच्या खाचराचंच गणित म्हणा ना! तुंबलं की हवा पडद्यावरच्या प्लॅटिनम उत्प्रेरकापर्यंत पोचत नाही आणि व्होल्टेज धाडकन खाली येतं.

पाण्याचा निचरा करतात त्या पडद्यालगतच्या पत्र्यावरच्या खाचा, जेमतेम मिलिमीटरभर रुंद. सरळ, समांतर खाचा पाडल्या तर एखादीत थेंब अडकतो. हवा शहाणी, ती शेजारच्या खाचेतून निघून जाते आणि थेंब तिथंच राहतो. नागमोडी एकच खाच केली तर हवेला दुसरी वाटच नाही, ती थेंबाला ढकलत नेते. पण त्यासाठी दाब जास्त लागतो, आणि कॉम्प्रेसर आपणच केलेली वीज खातो. माझं मत विचाराल तर तीन-चार नागमोडी खाचा शेजारी शेजारी, हा मधला मार्ग बरा.

पुण्याच्या संचात पत्रे हलक्या धातूचे आहेत. ग्राफाइटचा पत्रा गंजत नाही, पण जाड आणि ठिसूळ. धातू पातळ करता येतो, मात्र आतल्या आम्लट ओलीत टिकायला त्याला लेप हवा. संचातले सेल एकामागं एक जोडलेले असतात, त्यामुळे एक बुडाला की सगळी माळ अडते.

तुंबण्याची ही भीती टाळणारी दुसरी वाटही आहे. आपल्याच लोकलच्या वाटेवर, अंबरनाथला, डीआरडीओच्या प्रयोगशाळेनं पाणबुडीसाठी फॉस्फोरिक आम्लाचा सेल निवडला. मार्च २०२१ मध्ये जमिनीवरची चाचणी पार पडली. तो दोनशे अंशांच्या आसपास तापतो, पाणी वाफ होऊनच जातं. थेंबांची कटकट नाही. पण तापायला वेळ घेतो. खोपोलीच्या स्टँडवर सकाळच्या पहिल्या गाडीला तो परवडायचा नाही.