विठाबाईंचा गौरव आणि फडातील श्रम



विठाबाई नारायणगावकर यांचे नाव निघाले की एक हकीकत हमखास सांगितली जाते. दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर नाचत होत्या. कळा सुरू झाल्या. पडद्यामागे त्या प्रसूत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा नाचायला निघाल्या. प्रकार कळताच प्रेक्षकांनीच खेळ थांबवायला लावला.

ही कथा कलानिष्ठेची म्हणून सांगतात. ती निष्ठा निर्विवाद आहे. परंतु दिवस भरलेल्या स्त्रीला उभे का राहावे लागते, हे कोणी विचारीत नाही. त्याचे उत्तर फडाच्या अर्थकारणात आहे. जुन्नर-आंबेगावच्या यात्रा जवळ आल्या की नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे कारभारी येतात, सुपारी ठरते. ठरल्या रात्री खेळ झाला तरच पैसा. जिच्या नावावर सुपारी ठरली, तिच्यावर साऱ्या फडाची चूल अवलंबून. तेथे रजा कोठून येणार?

विठाबाईंचा जन्म १९३५ साली पंढरपुरात झाला. आजोबा नारायण खुडे यांनी फड उभा केला. वडील भाऊ आणि चुलते बापू यांच्या नावाने तो महाराष्ट्रभर गाजला. मांग समाजातील या घराण्याच्या कन्येचा राष्ट्रपतिपदकाने सन्मान झाला. तरीही तिचा अखेरचा काळ हलाखीत गेला. १५ जानेवारी २००२ रोजी त्या निवर्तल्या. २००६ पासून शासन त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देते. गौरवाला तोटा नव्हता. तोटा होता तो संरक्षणाचा.

बाळंतिणीला पगारी रजा देणारा कायदा १९६१ साली झाला. १९७३ च्या दुरुस्तीने तो सर्कस व तत्सम खेळांच्या आस्थापनांपर्यंत पोचला. तमाशाच्या राहुटीत मात्र हा हक्क कोणी नेऊन पोचवला? २०२० आणि २०२१ साली साथीमुळे यात्रा बंद राहिल्या, तेव्हा दोन हंगाम बुडालेल्या कलावंतांना मदतीसाठी हात पसरावे लागले. वृद्ध कलावंतांना मानधन मिळते; परंतु मानधन म्हणजे हक्काचे निवृत्तिवेतन नव्हे.

म्हणून विठाबाईंचे खरे स्मारक सुपारीच्या कागदावर उभारले पाहिजे. त्या कागदावर फडमालकाच्या बिदागीबरोबरच नाचणारी, ढोलकीवाला, सोंगाड्या आणि तंबू ठोकणारा बिगारी यांचे वेतन, विमा आणि बाळंतपणाची रजा लिहिली जावी. तमाशा ही लोककला आहे, तसेच ते श्रमिकांचे कामही आहे. त्या रात्री प्रेक्षकांनी जी माणुसकी दाखवली, ती आता कायद्याने दाखवावी.