आक्का एकटी क्योतोला गेली

मागच्या वेळी आपण शेळ्यांच्या लसीकरणावर बोललो. आज जरा लांब जाऊ या, थेट जपानला. आमच्या बचत गटातली आक्का लेकीकडे ओसाकाला जाऊन आली, हे तुमच्यातल्या बऱ्याच जणींना ठाऊक आहे. पण तिथून ती एक दिवस एकटीच क्योतो शहर बघून आली. ते तिच्याकडून ऐकून आम्ही चौघींनी हे लिहून काढलंय.

आक्का चोपन्न वर्षांची. तालुक्यालासुद्धा कधी एकटी गेली नव्हती. लेक-जावयाला सुट्टी नाही आणि दिवसभर खोलीत बसून जीव कंटाळला, तेव्हा लेकच म्हणाली, "आई, तू जा." इकडे फोनवर दीर म्हणाले, काही नको. खरं सांगायचं तर आम्हीही तेच म्हणालो होतो. भाषा येत नाही, हरवलीस तर काय करशील, म्हणून आम्हीच तिला घाबरवलं. ते आज इथे कबूल करतो.

लेकीनं एका कार्डावर जपानीत लिहून दिलं, 'मला क्योतो स्टेशनला जायचं आहे.' पिशवीत भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली. तिथल्या बऱ्याच पदार्थांत माशाचा रस असतो आणि आक्का माळकरी. ओसाकाहून क्योतो रेल्वेनं अर्ध्या तासावर. हे शहर 794 साली वसवलं आणि पुढे हजारभर वर्षं जपानची राजधानी होतं. आक्काला वाटलं होतं, उतरल्या उतरल्या जुने वाडे दिसतील. समोर आलं ते काचेचं आणि लोखंडाचं अवाढव्य स्टेशन! "मला वाटलं, चुकीच्या गावाला उतरले," ती म्हणाली.

तिथून दुसरंच स्टेशन इनारी. तिथे फुशिमी इनारीचं देऊळ आहे. इनारी म्हणजे भाताचा, धान्याचा देव. डोंगरावर जाणाऱ्या वाटेवर शेंदरी रंगाच्या हजारो लाकडी कमानी, एकीला एक चिकटून. कमानींवर देणाऱ्यांची नावं लिहिलेली. आपल्याकडे देवळाच्या पायरीवर नाव कोरतात तसंच. म्हणजे नावाची हौस सगळीकडे सारखीच! पण आक्काला आवडले ते दगडी कोल्हे. कोल्हा हा त्या देवाचा निरोप्या. एकाच्या तोंडात किल्ली होती. ती भाताच्या कोठाराची. आपल्याकडे कोठीची किल्ली घरात कोणाच्या कमरेला असते, यावर आमची बरीच चर्चा झाली, ती इथे सांगत नाही.

नंतर ती परत स्टेशनवर आली आणि चालत सांजूसानगेन्दोला गेली. लाकडाचं लांबलचक देऊळ, जवळजवळ 120 मीटर, म्हणजे दहा-अकरा एसट्या एकामागे एक उभ्या केल्यासारखं. तिकीट 600 येन. चपला बाहेर, फोटो काढायला बंदी. आत अंधुक उजेडात कान्नोनच्या 1001 मूर्ती. मधे एक मोठी बसलेली, दोन्ही बाजूंना पाचपाचशे उभ्या, सगळ्या लाकडाच्या, वर सोन्याचा वर्ख. आधीचं देऊळ 1249 साली जळालं. त्या आगीतून उभ्या मूर्तींपैकी 124 वाचवल्या, बाकीच्या पुन्हा घडवल्या आणि 1266 साली देऊळ परत उभं राहिलं.

हा कान्नोन म्हणजे आपल्याकडच्या बौद्ध लेण्यांतला अवलोकितेश्वर, करुणेचा बोधिसत्त्व. तिथल्या मूर्तींना अकरा तोंडं आहेत. मुंबईत कान्हेरीच्या 41 क्रमांकाच्या लेण्यातही अकरा तोंडांचा अवलोकितेश्वर कोरलेला आहे. पुढच्या रांगेत राखणदार देव. त्यांत ब्रह्मा, इंद्र, आणि गरुडसुद्धा, चक्क बासरी वाजवणारा! वाऱ्याचा देव खांद्यावर वाऱ्याची पिशवी घेऊन उभा.

तिथे लोक मानतात, की या हजार चेहऱ्यांत आपल्याला भेटावंसं वाटणाऱ्या माणसाचा चेहरा सापडतो. लेकीनं हे सहज सांगितलं होतं. आक्काची आई ती सात वर्षांची असताना गेली. आईचा एकही फोटो नाही. तेव्हा आमच्या गावात कोणाचे फोटो होते? आक्का एका टोकापासून एकेक चेहरा बघत निघाली. मधेच तिच्या ध्यानात आलं, की आईचा चेहरा आपल्याला आठवतच नाही, मग ओळखणार कसा? "हातातल्या हिरव्या बांगड्या आठवतात, बाकी काही नाही," म्हणाली. तरी शेवटच्या मूर्तीपर्यंत गेली. मग परत पहिल्यापासून. तास-दीड तास गेला. शेजारी एक जपानी म्हातारी हात जोडून उभी होती. कोणी कोणाला काही विचारलं नाही.

सापडला का चेहरा, असं आम्ही विचारलं. आक्का म्हणाली, "चहा टाका."

पुढचं मात्र हसून सांगितलं. कामो नदीच्या काठी बसून भाकरी काढली, एक घास घेतला, आणि वरून घार आली ती उरलेली भाकरी घेऊनच गेली! घारींपासून सावध राहा अशी पाटी तिथे आहे म्हणे, पण आक्काला वाचता कुठे येते? चटणी तेवढी राहिली. मग परतताना रस्ता चुकली. क्योतोचे जुने रस्ते सोंगट्यांच्या पटासारखे सरळ आखलेले, त्यामुळे सगळे कोपरे सारखेच दिसतात. पाय लटपटले. कार्ड काढून सायकलवरच्या एका आजीबाईंना दाखवलं. त्या खाली उतरल्या आणि सायकल हातात धरून स्टेशनच्या दारापर्यंत सोबत चालत आल्या. वाटेत त्या जपानीत बोलत होत्या, आक्का मराठीत. आक्कानं त्यांच्या हातावर चटणीची पुडी ठेवली. तिखट लागली असेल बिचारीला.

येत्या बुधवारी आक्का स्वतः स्टुडिओत येणार आहे. पासपोर्ट कसा काढला, कागद कोणते लागले, पैसे कसे साठवले, हे सगळं तिला विचारा. प्रश्न गटाच्या बैठकीत लिहून द्या. दिरांनीही एक प्रश्न पाठवलाय. तो आम्ही आधी घेणार आहोत.